घाटाचा उतार आणि स्वयंचलित मोटार
स्टिअरिंगवरील पॅडल शिफ्टरचा योग्य वापर

सह्याद्रीच्या रांगेने महाराष्ट्राचे कोकण आणि देश असे दोन स्वाभाविक भाग पाडले आहेत. बोरघाट, थळघाट, वरंधा, कुंभार्ली, आंबा, आंबोली या घाटांनी हे दोन भाग जोडले गेले. शेतमाल, विद्यार्थी, रुग्ण, यात्रेकरू आणि शासकीय कर्मचारी यांची या मार्गांवरून अहोरात्र ये-जा चालू असते. घाट चढताना इंजिनाची कसोटी लागते. उतरताना मात्र ती ब्रेकची आणि चालकाच्या विवेकाची असते.

साध्या गिअरच्या गाड्या चालविणाऱ्यांच्या पिढ्यांनी एक नियम जपला : ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. आता क्लच नसलेल्या, स्वयंचलित गिअरच्या मोटारी मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या आहेत. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ ही मोटार एएमटी प्रकारच्या गिअरसह बाजारात आली आणि ही सोय मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागली. सोयीबरोबर एक गैरसमजही आला : गिअर बदलणे हे यंत्राचे काम असल्याने चालकाने त्याचा विचार करण्याचे कारण उरले नाही. घाटउतारावर हा गैरसमज धोकादायक ठरतो. तो दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पॅडल शिफ्टर म्हणजे काय?

अनेक स्वयंचलित मोटारींत स्टिअरिंगच्या मागील बाजूस डावीकडे व उजवीकडे एकेक लहान पट्टी बसविलेली असते. यांनाच पॅडल शिफ्टर म्हणतात. उजव्या पट्टीवर सामान्यतः अधिकचे आणि डाव्या पट्टीवर उण्याचे चिन्ह असते. उजवी पट्टी आपल्याकडे ओढली असता गिअर एकाने वर जातो, डावी ओढली असता एकाने खाली येतो. स्टिअरिंगवरून हात न काढता गिअर बदलता येतो, हा तिचा मुख्य लाभ.

ही कल्पना शर्यतीच्या मैदानावरून आली. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्री शर्यतीत फेरारी संघाची ‘६४०’ ही मोटार स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गिअर बदलण्याच्या व्यवस्थेसह उतरली आणि नायजेल मॅन्सेल यांनी ती शर्यत जिंकली. जॉन बर्नार्ड हे त्या मोटारीचे रचनाकार होते. १९९७ मध्ये फेरारीने हीच पद्धत रस्त्यावर चालणाऱ्या ‘एफ३५५’ मोटारीत आणली. पुढे ती सर्वसामान्य मोटारींत रूढ झाली. भारतात २०२२ मध्ये आलेल्या मारुती ब्रेझाच्या स्वयंचलित प्रकारातही अशा पट्ट्या आहेत. शर्यतीत वेग वाढविण्यासाठी जन्मलेल्या या साधनाचा आपल्याकडील खरा उपयोग वेग आवरण्यासाठी आहे.

उतारावर ब्रेक का तापतात?

उंचावरील प्रत्येक वाहनात स्थितिज ऊर्जा साठलेली असते. घाट उतरताना ती कोठेतरी खर्च व्हावीच लागते. खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना वाहन सुमारे ५०० मीटर खाली उतरते. प्रवासी व सामानासह १,५०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीची या उतरणीतील ऊर्जा सुमारे ७३ लक्ष ५० हजार ज्यूल होते. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे जवळजवळ २५ लिटर पाणी उकळीस आणता येईल. हवेचा आणि रस्त्याचा विरोध यांत काही ऊर्जा जाते. उरलेली चालकाने केवळ ब्रेकवर टाकली, तर ती सर्व चाकांतील डिस्क, ड्रम आणि पॅड यांना झेलावी लागते. विज्ञान शिक्षकांना हे उदाहरण वर्गात गणित म्हणून देता येईल. सायकलचा ब्रेक लांब उतारावर सतत दाबून नंतर रिमला हात लावल्यास तोच अनुभव विद्यार्थ्यांना येतो.

ब्रेक अतिशय तापले की दोन गोष्टी घडतात. पहिली, पॅडचे घर्षण कमी होते; पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. ब्रेकमधील द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागून खाली जाते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. परंतु हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि तशा स्थितीसाठी ठरविलेली किमान मर्यादा १४० अंशच आहे. यास्तव ब्रेकचा द्रव निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलणे अगत्याचे आहे.

इंजिनाचा ब्रेक

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये राहिली, की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनातील घर्षण आणि हवा ओढण्यास पडणारे श्रम यांमुळे गाडीला विरोध होतो. यालाच इंजिनाचा ब्रेक म्हणतात. गिअर जितका खालचा, तितके इंजिनाचे फेरे अधिक आणि विरोधही अधिक. उदाहरणार्थ, ताशी ४० किलोमीटर वेगाने पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये ते ३,००० च्या आसपास घेईल.

स्वयंचलित गिअरपेटी ‘डी’ मध्ये असताना इंधनाची बचत पाहते व शक्यतो वरचा गिअर धरते. उतारावर पाय उचलताच अनेक गाड्या वरच्या गिअरमध्येच धावत राहतात. काही नव्या गाड्या उतार ओळखून गिअर खाली आणतात हे खरे. पण पुढचे वळण, समोरून येणारी मालमोटार किंवा वाटेवरची गुरे गिअरपेटीला दिसत नाहीत, ती चालकालाच दिसतात. डाव्या पट्टीचे महत्त्व येथे आहे.

उतारावर गाडी न्यूट्रल केल्याने इंधन वाचते, ही समजूतही चुकीची आहे. आधुनिक इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, तर पुरेशा फेऱ्यांवर इंधनपुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच, शिवाय इंजिनाचा ब्रेकही गमावला जातो. इंजिनच बंद केल्यास ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत लवकरच संपते.

वापराची रीत

१. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा. वेग हाताबाहेर गेल्यावर गिअर खाली आणणे कठीण होते. इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे जाणार असतील तर गाडीचा संगणक तो आदेश स्वीकारतच नाही.

२. लांब उतारावर ‘एम’ ही स्थिती निवडावी. ‘डी’ मध्ये पट्टी ओढली, तर बऱ्याच गाड्यांत तो बदल तात्पुरता असतो आणि काही वेळाने गिअरपेटी पुन्हा आपल्या मर्जीने चालू लागते.

३. डावी पट्टी एका वेळी एकदाच ओढावी. गाडी स्थिरावल्यावर आवश्यक तर पुन्हा ओढावी. पायाने सतत ब्रेक न धरता वेग कायम राहतो, तो गिअर योग्य समजावा.

४. गिअर वळणात शिरण्यापूर्वी, सरळ रस्त्यावर बदलावा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर एकाएकी खालचा गिअर पडल्यास चाकांची पकड सुटू शकते.

५. ब्रेक लागतोच, तो थोडा वेळ पण ठामपणे दाबून सोडावा. पाय सतत टेकवून ठेवू नये.

६. केवळ इंजिनाच्या ब्रेकने वेग घटल्यास मागील लाल दिवे लागत नाहीत. मागे वाहन असल्यास पेडलला हलका स्पर्श करून त्यास सूचना द्यावी.

७. सपाटीवर आल्यावर पुन्हा ‘डी’ निवडावा.

चढावरही या पट्ट्या उपयोगी आहेत. चढावर काही गाड्यांची गिअरपेटी दोन गिअरांमध्ये वारंवार घोटाळते. तेथे खालचा गिअर धरून ठेवल्यास ओढ एकसारखी राहते. एएमटी गाडी चढावर ॲक्सिलरेटरच्या आधारे थोपवून धरू नये, क्लच तापतो. त्याऐवजी ब्रेक लावावा.

पट्ट्या नसतील तर

पट्ट्या नसलेल्या गाड्यांतही बहुधा गिअरच्या दांड्यावर ‘एम’, ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा ‘बी’ यांपैकी एखादी खूण असते. तिचा अर्थ गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावा. २०१९ मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकसारख्या विजेच्या गाडीत तशाच दिसणाऱ्या पट्ट्यांचे काम निराळे आहे. त्या गिअर बदलत नाहीत; उतारावर मोटारीकडून वीज परत बॅटरीत भरण्याचा जोर कमी-अधिक करतात. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास हा विरोध कमी मिळू शकतो, याचे भान माथ्यावरून निघताना ठेवावे.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून चाकापुढे दगड लावावा आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. ब्रेक निकामीच झाल्यास क्रमाक्रमाने खालचा गिअर, हळूहळू हातब्रेक, सतत हॉर्न आणि दरीऐवजी डोंगराची बाजू, हा क्रम ध्यानात असावा.

सामूहिक जबाबदारी

अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, हा वाहतुकीचा प्रस्थापित नियम आहे. तो पाळण्यासाठीही उतरणाऱ्याचा वेग ताब्यात असावा लागतो. कार्यालयांच्या वाहनचालकांना नवी स्वयंचलित गाडी सोपविताना अधिकाऱ्यांनी घाटउताराचा सराव करवून घेणे इष्ट होय. शाळांतून ऊर्जेचा पाठ शिकविताना शिक्षकांनी या उदाहरणाचा उपयोग करावा. घाटाच्या तोंडाशी असलेल्या ग्रामपंचायतींना ‘उतार सुरू, खालचा गिअर घ्या’ अशा ठळक मराठी फलकासाठी रस्त्याच्या व्यवस्थापनाकडे पाठपुरावा करता येईल. माथ्यावरील गावाने लावलेला असा एक फलक पायथ्याच्या गावाचे रक्षण करू शकतो.

यंत्र कितीही स्वयंचलित झाले, तरी समोरच्या रस्त्याचा विचार चालकालाच करावा लागतो. डाव्या हाताच्या बोटाजवळची ती लहानशी पट्टी म्हणजे त्या विचाराला मिळालेले साधन होय. तिचा उपयोग घाटाच्या माथ्यावर, वेळेवर केला पाहिजे.