पोहे, जिलेबी आणि आयोडीनचा थेंब

उज्जैनच्या माधव नगरात सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी जिलेबी येते. घरातील वडीलधाऱ्यांस मधुमेह असला, म्हणजे जिलेबी बाजूला सारली जाते व पोहे मात्र निर्धास्तपणे वाढले जातात. गोड नाही, तेव्हा साखर नाही, हा त्यामागील विचार. तो कितपत टिकतो, हे पाहण्यासाठीच आम्ही कर्बोदकांचा विषय हाती घेतला आहे.

कर्बोदके ही कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांची संयुगे होत. त्यांतील ग्लुकोज आपल्या निकटचे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणू असतात. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी जुळली, की आपली नेहमीची साखर होते. ग्लुकोजचेच शेकडो-हजारो रेणू माळेतील मण्यांप्रमाणे गुंफले गेले, की पिष्ट होते. पिष्ट जिभेला गोड लागत नाही. परंतु पोह्यांचा घास बराच वेळ चावीत राहिल्यास किंचित गोडी जाणवू लागते, कारण लाळेतील अमायलेज हे विकर ती माळ तोडीत असते. उरलेले काम आतड्यात पुरे होते.

आता हिशेब पाहा. १०० ग्रॅम शुद्ध पिष्ट पूर्णपणे पचले, तर सुमारे १११ ग्रॅम ग्लुकोज मिळते. प्रत्येक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू त्यात सामावतो, म्हणून वजन वाढते. १०० ग्रॅम साखरेपासून मात्र सुमारे ५३ ग्रॅमच, कारण तिचा दुसरा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. आणि कोरड्या पोह्यांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांचा, तोही बहुतेक पिष्टाचा! यावरून जिलेबी निरुपद्रवी ठरते, असे कोणी समजू नये. पाकाखाली मैद्याचे पिष्ट आहेच.

हेच मणी निराळ्या प्रकारच्या सांध्याने जोडले, की सेल्युलोज बनते. तो सांधा तोडणारे विकर आपल्या शरीरात तयार होत नाही. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजंतूंपाशी ते असते. म्हणून ज्वारीचा दाणा आपल्याला आणि कडबा बैलाला.

एक ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मेंदू मुख्यत्वे ग्लुकोजवरच चालतो. शिल्लक ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. मधुमेहात इन्शुलिन कमी पडते किंवा नीट काम करीत नाही आणि ग्लुकोज रक्तातच तुंबते. ते जिलेबीतून आले की पोह्यांतून, याची ओळख रक्ताला नसते. पोहे वर्ज्य करावेत, असे आमचे म्हणणे नाही. ते मोजून वाढावेत, आणि किती, हे वैद्यांस विचारावे.

विद्यार्थीमित्रहो, भिजलेल्या पोह्यावर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाका. तो निळा-काळा होईल. ही खूण शास्त्रज्ञांस १८१४ पासून ठाऊक आहे. पिष्टाची माळ जिन्यासारखी वळलेली असते व आयोडीन त्या वळणांच्या पोकळीत शिरते. आम्हा कोंकणी घरांतील मंडळींस पेज प्रिय. तिचे वरचे पाणी पातळ करून त्यात हा थेंब टाकला, तर तेही निळे होते. तापविले की रंग नाहीसा होतो, निवले की परततो! दुधात कोणी पिष्ट मिसळले असल्यास, दूध उकळून थंड केल्यावर हाच थेंब त्याची चहाडी करतो.

ग्लुकोजची परीक्षा बेनेडिक्टच्या द्रावणाने होते. त्यातील मोरचुदामुळे ते निळे असते. ग्लुकोजसह उकळल्यास विटकरी साका बसतो. साखरेचे द्रावण मात्र निळेच राहते, आणि येथे मुले हटकून गोंधळतात. साखरेत दोन्ही घटकांची क्रियाशील टोकेच एकमेकांत गुंतलेली असतात. प्रथम पातळ आम्लासह उकळून ती जोडी फोडावी, खाण्याच्या सोड्याने आम्ल शमवावे, मग परीक्षा घ्यावी. विटकरी रंग येतो. (शिक्षक जवळ असतानाच.) पाक कणीदार होऊ नये म्हणून त्यात लिंबू पिळतात, त्यातही काही अंशी हीच क्रिया घडते.

ग्लुकोमीटर घरोघरी येण्यापूर्वी मधुमेह्याची लघवी याच द्रावणाने तपासीत असत: ५ मिलिलिटर द्रावणात ८ थेंब, एक उकळी, आणि मग हिरवा, पिवळा, नारिंगी की विटकरी, ते पाहणे.