कपाळावरच्या आठ्या

मागच्या सेमिस्टरमधली गोष्ट आहे. शनिवारी मेसचं जेवण उरकलं की आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये सिनेमा लागतो. लॅपटॉप एकीचा, स्पीकर दुसरीचे, प्रोजेक्टर रेक्टर मॅडमच्या परवानगीने आणलेला आणि पडदा म्हणून पांढरी चादर. त्या दिवशी १९७७ सालचा पहिला 'स्टार वॉर्स' लावला होता. त्यात हॅन सोलो हा वैमानिक बढाई मारतो, की त्याच्या यानाने 'केसेल रन' बारा पार्सेकच्या आत पूर्ण केली. मी तिथल्या तिथे पॉझ केलं आणि जाहीर केलं, "पार्सेक हे अंतराचं एकक आहे, वेळेचं नव्हे! एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. मुंबई-पुणे मी दीडशे किलोमीटरच्या आत गाठलं, असं कोणी सांगतं का?"

काही जणी हसल्या. मला चेव आला. पुढच्या दीड तासात मी अजून सात-आठ वेळा पॉझ केलं. समोर चटईवर एफ.ई.ची एक मुलगी बसली होती. तालुक्याच्या गावाहून आलेली, मराठी माध्यमाची. असा सिनेमा ती पहिल्यांदाच बघत होती. शेवटची लढाई सुरू व्हायच्या आधीच ती उठून गेली. पुढच्या शनिवारी आलीच नाही. जिन्यात भेटली तेव्हा मी कारण विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला मजा येत होती. पण मला एखादी गोष्ट आवडली की तुम्ही लगेच सांगायचात, ती चूक आहे. मग वाटलं, हे आपल्यासाठी नाहीच."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या लायब्ररीत इंग्रजी विज्ञानकथांचं एक अख्खं कपाट होतं. ते मी वाचून काढलं, यात माझं फारसं कर्तृत्व नाही. पण त्या कपाटाच्या जोरावर मी एका मुलीची मजा घालवली हे खरं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय: विज्ञानकथेत कंटिन्युइटी, म्हणजे सुसंगती, किती महत्त्वाची आणि निखळ करमणूक किती? जगभरचे चाहते यावर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. त्यांच्या भांडणांतून आपल्याला काय शिकता येईल, ते बघू या.

चूक कुठली, ते आधी ठरवा

आपण सगळ्याच चुकांना एका पोत्यात भरतो. खरं तर त्यांचे निदान दोन प्रकार आहेत. पहिली, विज्ञानाशी विसंगती. पार्सेकची चूक या जातीची. दुसरी, कथेची स्वतःशीच विसंगती, म्हणजे पहिल्या भागात सांगितलेलं तिसऱ्या भागात विसरणं. खरी कंटिन्युइटी ती ही. यान प्रकाशापेक्षा वेगाने जातं हे विज्ञानात बसत नाही, पण सगळ्या भागांत ते तसंच जात असेल तर कथा सुसंगत आहे. चाहते पहिल्या प्रकाराला पुष्कळदा माफ करतात, दुसऱ्याला सहजासहजी नाही. कारण विज्ञानाचे नियम निसर्गाचे. कथेचे नियम मात्र लेखकाने स्वतः आपल्याला दिलेले असतात.

खान आणि चेकॉव्ह

'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकन टीव्हीवर चालली. १९६७ साली दाखवलेल्या 'स्पेस सीड' या भागात कॅप्टन कर्क हा खान नावाच्या अतिमानवाला एका निर्जन ग्रहावर सोडून देतो. १९८२ साली याच खानवर 'द रॅथ ऑफ खान' हा सिनेमा आला. त्यात खान यानावरच्या चेकॉव्हला बघतो आणि चटकन ओळखतो. गंमत अशी, की चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर केनिग मालिकेत आले दुसऱ्या सीझनला आणि 'स्पेस सीड' होता पहिल्या सीझनचा! म्हणजे खानने या माणसाला पडद्यावर कधी पाहिलेलंच नाही.

एवढी ढळढळीत चूक असून हा सिनेमा 'स्टार ट्रेक'च्या सर्वोत्तम सिनेमांत गणला जातो. चाहते त्या चुकीवर विनोद करतात, की चेकॉव्ह तेव्हा यानातच कुठेतरी खाली कामाला असेल, आणि पुढे बघतात. मग सुसंगती फुकटच म्हणायची का? नाही. याच सिनेमाचा सगळा जोर कशावर आहे? कर्कने पंधरा वर्षांपूर्वी एका माणसाला ग्रहावर सोडलं आणि पुन्हा कधी चौकशी केली नाही, यावर. ती जुनी गोष्ट सिनेमाने बरोबर जपली. एकाच सिनेमात एक सुसंगती काटेकोर पाळली आणि दुसरी सरळ मोडली. मोडलेल्या जागेवर कथेचा भार नव्हता, म्हणून ते खपलं.

क्लिंगॉनचं कपाळ

मूळ मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांची कपाळं आपल्यासारखीच सपाट होती. मेकअपला पैसे कमी, दुसरं काय! १९७९ साली पहिला सिनेमा आला, बजेट वाढलं आणि क्लिंगॉनच्या कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. खुलासा काहीच नाही. चाहत्यांच्या कपाळावर मात्र आठ्या!

१९९६ साली मालिकेला तीस वर्षं झाली. तेव्हा 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या मालिकेतली पात्रं संगणकाच्या मदतीने १९६७ च्या एका जुन्या भागात मिसळली. आता सपाट कपाळाचे क्लिंगॉन आणि आठ्यावाला क्लिंगॉन वर्फ एकाच खोलीत आले. बाकीचे वर्फकडे बघतात, तर तो एवढंच सांगतो, की आम्ही हा विषय बाहेरच्यांशी बोलत नाही. हशा पिकला आणि प्रश्न मिटला.

पण पुरता नाही. २००५ साली 'एंटरप्राइज' या मालिकेने दोन भाग खर्चून रीतसर कारण दिलं: मानवी जनुकं वापरून महायोद्धे बनवायचा प्रयोग फसला, त्यातून विषाणूची साथ आली आणि तिच्या उपचारात कपाळं सपाट झाली. काही चाहते खूश झाले. काही म्हणाले, वर्फचं ते एक वाक्य पुरेसं होतं. मला स्वतःला आता वर्फचा पक्ष बरा वाटतो, पण ते दोन भाग मी तीनदा बघितले आहेत हेही कबूल करते.

अस्थिर कडं

हा किस्सा खास आपल्या जमातीचा. लॅरी निव्हन यांची 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी १९७० साली आली. ताऱ्याभोवती एक प्रचंड कडं, त्रिज्या साधारण पृथ्वी-सूर्य अंतराएवढी म्हणजे पंधरा कोटी किलोमीटर, रुंदी सुमारे सोळा लाख किलोमीटर. ते सेकंदाला सुमारे १२४० किलोमीटर वेगाने फिरतं आणि आतल्या बाजूला माणसं राहतात. कॅल्क्युलेटर घेऊन व्ही स्क्वेअर बाय आर काढा, उत्तर जवळपास आपल्या जी एवढंच येतं. हिशोब चोख!

पण १९७१ साली बॉस्टनला जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या व्हरांड्यांतून घोषणा देत फिरले, की रिंगवर्ल्ड अस्थिर आहे. त्यांचं बरोबर होतं. अखंड कडं ताऱ्याच्या केंद्रापासून जरा जरी सरकलं, तर जवळ आलेली बाजू जास्त ओढली जाते, कडं आणखी सरकतं आणि शेवटी ताऱ्यावर आदळतं. शनीची कडी अखंड घन असू शकत नाहीत, हे मॅक्सवेलने १८५९ सालच्या निबंधात दाखवलं होतं. होय, आपल्याला पेपरात छळणारा तोच मॅक्सवेल.

निव्हन रागावले नाहीत. पुढे त्यांनी 'द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स' लिहिली. त्यात कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिनं होती, पण तिथल्या रहिवाशांनी ती काढून आपल्या यानांना लावली आणि आता कडं ताऱ्याकडे सरकतंय, असं कथानक केलं. वाचकांनी काढलेली चूक हाच पुढच्या पुस्तकाचा पाया झाला. मी शनिवारी जे केलं त्यात आणि या घोषणांत काय फरक? त्या पोरांनी पुस्तक आधी पूर्ण वाचलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातातून ते ओढून घेतलं नव्हतं.

बारा वेळा बदल, तेरा जन्म

ब्रिटनमधली 'डॉक्टर हू' १९६३ पासूनची. नायकाचं काम करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, म्हणून १९६६ साली लेखकांनी युक्ती काढली: डॉक्टर मरता मरता नवं शरीर धारण करतो. १९७६ सालच्या एका कथेत नियम आला, की असं फक्त बारा वेळा होऊ शकतं. तेव्हा चौथा नट काम करत होता, कुणाला फिकीर? पण मालिका टिकली आणि २०१३ साली तो आकडा संपला. लेखकांना नियम गुपचूप गाळता आला असता. त्याऐवजी हा डॉक्टरचा शेवटचा जन्म आहे, असं ठरवून त्यांनी त्यावरच नाताळचा भाग रचला आणि शेवटी त्याला नवी आयुष्यं मिळवून दिली. नियमाला वळसा घातला, पण आधी त्याचा मान राखला. ही मालिका एरवी सुसंगतीत ढिली म्हणूनच प्रसिद्ध आहे, हे विशेष.

उलट उदाहरणही आहे. २०१२ साली डिस्नेने 'स्टार वॉर्स'ची मालक कंपनी विकत घेतली आणि २०१४ साली आधीच्या बहुतेक सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढली, म्हणजे अधिकृत कथेतून वगळली. नव्या प्रेक्षकाला एवढं सगळं वाचायची सक्ती नको, हे कारण पटण्यासारखं आहे. पण ज्यांनी त्या पात्रांबरोबर वीस-वीस वर्षं काढली, त्यांना काय वाटलं असेल? सुसंगती मोडली की किंमत जुना वाचक भरतो. तिचा अतिरेक झाला की नवा.

मग तोलायचं कसं?

आपल्याला ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स शिकवतात. बेअरिंग बसायची जागा मायक्रॉनमध्ये सांभाळायची, बाहेरचं कव्हर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालतं. सगळीकडे मायक्रॉन मागितले तर जॉब परवडणारच नाही, कुठेच मागितले नाहीत तर असेंब्ली होणार नाही. कथेचंही तसंच. मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले आहेत:

१. या तपशिलावर कथेचा भार आहे का? खानचा ग्रह आणि डॉक्टरचा आकडा यांवर होता. चेकॉव्हच्या चेहऱ्यावर नव्हता.

२. नियम मोडून काही मिळालं का? नुसता आळस असेल तर चाहत्यांनी जरूर ओरडावं.

३. चूक दाखवल्याने कुणाची मजा वाढते की कमी होते? पार्सेकचाच किस्सा घ्या. चाहत्यांनी म्हटलं, हॅनने कृष्णविवरांजवळून जवळची वाट काढली असेल, म्हणून अंतर कमी. २०१८ च्या 'सोलो' सिनेमात त्याने खरोखरच जवळची वाट काढलेली दाखवली. म्हणजे ज्या वाक्यावर मी पॉझ केलं, त्याच वाक्यातून इतरांनी एक पूर्ण साहस उभं केलं!

तिसरा प्रश्न मी त्या शनिवारी विचारलाच नव्हता.

महिन्याभराने त्या मुलीला मी पुन्हा बोलावलं. १९६७ चा तो जुना भाग लावला आणि त्याला जोडून १९९६ चा. लॅपटॉप मुद्दाम दुसरीच्या हातात दिला आणि मागे जाऊन बसले. जुन्या भागात ती खो-खो हसली. नव्या भागात वर्फ आला, तशी ती मागे वळली. "ताई, हे लोक तेच ना? मग याचं कपाळ असं कसं?"

कुणी न शिकवता तिला कंटिन्युइटी सापडली होती, कारण आधी तिला मजा आली होती. सगळं सांगून टाकायचा मोह मला झाला, अगदी विषाणूसकट. पण मी एवढंच म्हटलं, की याचं उत्तर आहे, दोन भागांत आहे. सबमिशन संपल्यावर ते दोन्ही भाग बघायचं ठरलंय. आमच्या हॉस्टेलच्या ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. मी पॉझ करणार नाही.