ध्येयाची हप्तेबंदी

नवे वर्ष उजाडले, वाढदिवस आला किंवा पगारवाढ झाली की माणूस संकल्प करतो. कोणी दोन लाख रुपये साठविण्याचे ठरवितो, कोणी अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करण्याचे. पुढे काही आठवड्यांतच संकल्प मागे पडतो आणि त्याचे खापर इच्छाशक्तीच्या अभावावर फोडले जाते. वस्तुतः दोष अनेकदा ध्येयाच्या मांडणीत असतो. 'पदवी पूर्ण करणे' हे ध्येय आहे. आज संध्याकाळी करावयाचे काम नव्हे. ज्या ध्येयात आजचे काम ठरलेले नसते, ते नित्य उद्यावर ढकलले जाते.

अर्ध्या पानाचे सामर्थ्य

भारतरत्न डॉ. पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईत वकिली करीत असताना त्यांनी 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाचे संपादन हाती घेतले. त्यास धर्मशास्त्राच्या इतिहासाचा परिचय करून देणारी प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ विचार होता. त्या प्रस्तावनेच्या कल्पनेतून 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा पाच खंडांचा ग्रंथराज उभा राहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तो प्रसिद्ध केला. पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा डॉ. काणे पन्नास वर्षांचे होते. अखेरचा भाग १९६२ साली बाहेर पडला, तेव्हा त्यांनी वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती.

या ग्रंथाची पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या घरात आहे. ही पाने बत्तीस वर्षांवर विभागली, तर वर्षाला सुमारे दोनशे आणि दिवसाला अर्ध्या पानाहून थोडी अधिक होतात. अर्थात ही केवळ सरासरी झाली. त्या अर्ध्या पानामागील व्यासंग तिच्यात मोजला जात नाही. तथापि साडेसहा हजार पानांचा आकडा उरात धडकी भरवितो, तर अर्धे पान माणसाला कामाला बसविते, हे तिच्यावरून ध्यानात येते. शिवाय प्रत्येक खंड स्वतंत्रपणे छापला गेल्यामुळे अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिला. फळ मिळण्यासाठी शेवटच्या पानापर्यंत थांबावे लागले नाही.

हप्ता किती असावा?

बचतीसही हाच न्याय लागू पडतो. सुमारे दोन लाखांचे उद्दिष्ट आहे असे मानू. आवर्ती ठेवीवर सहा टक्के व्याज गृहीत धरले, तर दरमहा ५,००० रुपये भरून तीन वर्षांत सुमारे १ लाख ९७ हजार रुपये जमतात. दरमहा ३,००० रुपये भरल्यास पाच वर्षांत सुमारे २ लाख १० हजार होतात. यांपैकी कोणता हप्ता निवडावा?

पुष्कळ जण पगाराच्या दिवशीच्या उत्साहात मोठा हप्ता ठरवितात. खरी कसोटी मात्र शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि पाहुणेरावळे एकत्र येतात त्या महिन्यात लागते. त्या महिन्यातही जो भरता येईल, तोच योग्य हप्ता. अभ्यासाचेही तसेच आहे. सुटीच्या दिवशी चार तास वाचन होते म्हणून रोज चार तास ठरवू नयेत. कचेरीतून थकून आल्यावरही जी वीस मिनिटे निघतात, ती ठरवावीत. उरलेला उत्साह ही वरकड जमा समजावी.

चार पथ्ये

१. ध्येयाला आकडा आणि मुदत द्यावी. 'खूप बचत करीन' याचे हप्ते पाडता येत नाहीत.

२. टप्पे असे पाडावेत की प्रत्येक टप्पा स्वतःच उपयोगी ठरेल. पदवीचा एक विषय सुटला, तरी तो पदरात पडतोच.

३. हप्त्याचा दिवस निश्चित असावा. पगार जमा होताच खात्यातून हप्ता वळता करण्याची स्थायी सूचना बँकेला देता येते. मग दरमहा मनाशी वाद घालावा लागत नाही. वाचन-व्यायामाची वेळही अशीच बांधून घ्यावी.

४. हप्ता चुकला तर खाते मोडू नये. आवर्ती ठेवीचा हप्ता उशिरा भरल्यास बहुधा अल्पसा दंड पडतो. पण ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजाचे नुकसान होते आणि उद्दिष्टही हातचे जाते. एका दिवसाच्या खंडापेक्षा 'आता काय उपयोग?' हा विचार ध्येयाला अधिक घातक ठरतो.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण सर्वांना पाठ असते. थेंब केवढा असावा, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांनीही 'आता वेळ निघून गेली' असे मानण्याचे कारण नाही. मनातील एक ध्येय निवडावे, त्याचा पहिला हप्ता कागदावर लिहावा आणि तो याच आठवड्यात भरावा.