आधी बोका, मग आकडा

आमच्या भुऱ्या बोक्याला मधुमेह असल्याचं कळलं तेव्हा त्याने बारावं वर्ष ओलांडलं होतं. पण मधुमेह हे त्याचं एकच दुखणं नव्हतं. हिरड्या सुजलेल्या होत्या, मागच्या दाढांची मुळं उघडी पडली होती आणि मूत्रपिंडं हळूहळू थकत चालली होती. आमचं पाटन जबलपूरपासून तीसेक किलोमीटरवरचं तहसिलीचं गाव. मटारच्या हंगामात इथला रस्ता गाड्यांनी भरून वाहतो. गाईम्हशींना औषध देणारे इथे भेटतात, पण म्हाताऱ्या मांजराची साखर, दात आणि मूत्रपिंडं एकत्र पाहणारं कोणी हवं असेल तर जबलपूर गाठावं लागतं. ज्यांना असंच दूर जावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अंतर असलं की बरेच निर्णय घरातच घ्यावे लागतात, आणि त्यातला चुकीचा एकच निर्णय मांजराच्या जिवावर बेततो.

सुरुवातीला दिसलं ते पाणी. भुऱ्या वाटीतलं पाणी संपवून मोरीत जाऊन बसायला लागला. त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये मोठाले ओले गोळे व्हायचे आणि एके दिवशी ट्रेच्या कडेला मुंग्यांची रांग लागली. माणसाच्या मधुमेहाची ही खूण आपल्याकडे जुन्या बायकांनाही ठाऊक असते, मांजरालाही ती तशीच लागू पडते. खाणं उत्तम चाललं होतं, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला होता.

या आधीच्या वर्षभरात त्याला तोंडाच्या सुजेसाठी वरचेवर एक इंजेक्शन मिळत होतं. टोचलं की दोन दिवसांत तो जेवायला यायचा आणि पुढचे काही आठवडे बरे जायचे. त्यात बराच काळ टिकणारं स्टेरॉइड होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, कागदावर लिहूनही दिलं नाही. स्टेरॉइडने यकृत जास्त साखर सोडतं आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. वयस्क, वजनदार, नसबंदी झालेला, घरातच राहणारा बोका मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतोच. असं इंजेक्शन त्याला आत ढकलायला पुरतं. दमा किंवा काही विशिष्ट आजारांत स्टेरॉइड लागतंच, त्याला नाही म्हणता येत नाही. पण मांजराला टोचलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा लिहून मागा. लाजू नका, आणि ‘ताकदीचं आहे’ या उत्तरावर घरी परतू नका.

निदानाच्या वेळीच एक धोका असतो. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते. टोपलीत कोंडून, बसमधून तासभर हादरे खात, कुत्र्यांच्या वासाच्या खोलीत नेलेल्या मांजराच्या रक्ताचा एकच आकडा पाहून इन्सुलिन सुरू करणं बरोबर नाही. लघवीतही साखर आहे का हे बघावं लागतं. मांजरात साधारण २७० च्या आसपास पोहोचल्यावर साखर लघवीत उतरते. शंका उरलीच तर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी आहे. ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी दाखवते, म्हणजे प्रवासाची भीती तिच्यात धरली जात नाही.

आणि त्याच दिवशी बाकीचं सगळं तपासून घ्या. लघवीत जंतू आहेत का, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, लघवी किती घट्ट आहे, थायरॉइड वाढलेलं नाही ना, रक्तदाब किती, तोंडात काय चाललंय. म्हाताऱ्या मांजराचं थायरॉइड वाढलं तरी ते भरपूर खातं, भरपूर पाणी पितं आणि वाळतं. वरून पाहता तो मधुमेहच वाटतो. जबलपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे आणि २००९ मध्ये तिथे पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ झालं, ते आज नानाजी देशमुखांच्या नावाने ओळखलं जातं. अशा शिकवणाऱ्या संस्थेच्या आसपास राहण्याचा फायदा हाच, की साखर एका ठिकाणी आणि दात दुसऱ्या ठिकाणी असा तुकड्यातुकड्यांचा विचार टाळता येतो. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “आकडा वाढला की डोस वाढवायचा नाही. आकडा का वाढला ते शोधायचं.” भुऱ्याच्या पुढच्या सगळ्या दिवसांत माझ्या सर्वांत जास्त कामी आलेली गोष्ट हीच.

आता इन्सुलिन. सुरुवात बहुधा बारा-बारा तासांनी एका युनिटच्या आसपास होते. मात्रा अर्थातच डॉक्टर ठरवतात. घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायची गोष्ट म्हणजे सिरिंज. आपल्या देशात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिनसारखं इन्सुलिन मात्र मिलीलिटरला १०० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० वालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर मांजराला एक नाही, अडीच युनिट जातात. ऐंशी किलोच्या माणसाला कदाचित ते सोसेल. चार किलोच्या बोक्याला सोसणार नाही. इथल्या एका दुकानात नारिंगी संपल्या तेव्हा लाल पुढे करत दुकानदार म्हणाला, “दीदी, सुई तो सुई है.” मी हात जोडून परत आले आणि दुसऱ्या दिवशी जबलपूरहून मागवल्या. ३० युनिटच्या, अर्ध्या-अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या सिरिंज मिळाल्या तर त्याच घ्या. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळल्याशिवाय सुई बाटलीत घालायची नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं.

इन्सुलिन नेहमी खाऊन झाल्यावर द्या. सुई टोचली पण औषध कातडीत गेलं की केसांत सांडलं याची खात्री नसेल, तर दुसऱ्यांदा टोचू नका. मांजर जेवलं नाही किंवा ओकलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस देऊ नका. साखर एक दिवस चढी राहिली तर मांजर निभावून नेतं, ती तासभर खाली गेली तर नाही.

हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. महिनोन् महिने भुऱ्याची साखर ३५० च्या खाली यायला तयार नव्हती आणि डोस चढत गेला होता. शेवटी तोंडाचं दुखणं मुळातून काढायचं ठरलं आणि खराब दाढा काढल्या. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर इन्सुलिनचा डोस मात्र जुनाच लिहिला होता. पहिले काही दिवस चांगले गेले. तो मऊ खाणं चाटूनपुसून खाऊ लागला, कितीतरी काळानंतर स्वतःचं अंग चाटू लागला. मग एका सकाळी तो भिंतीला टेकून उभा दिसला. डोळे मोठे, मान किंचित हलत होती, हाक मारली तरी बघेना. दोन पावलं टाकली आणि मागचा भाग एका बाजूला कोसळला. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढला, तेव्हा ग्लुकोमीटरने ४१ दाखवले.

सुजलेल्या, पू धरलेल्या हिरड्या इतके दिवस इन्सुलिनचं काम अडवून धरत होत्या. तो अडथळा गेला आणि कालपर्यंत अपुरा पडणारा डोस त्याच्यासाठी जीवघेणा ठरला. उपचार यशस्वी झाला, म्हणूनच तो मरणाच्या दारात पोचला होता.

अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं. मध किंवा पाण्यात कालवलेलं ग्लुकोज बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मांजराच्या तोंडात चमच्याने काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं, आणि झटके चालू असताना बोटही तोंडात घालू नका. गिळता यायला लागलं की नेहमीचं खाणं पुढे ठेवा. डॉक्टरांना फोन लावा आणि जमेल तितक्या लवकर निघा. मध चाटवल्यावर मांजर उठून बसलं म्हणजे संकट टळलं असं धरू नका. लांब चालणारं इन्सुलिन अंगात असतंच. भुऱ्याची साखर दुपारी पुन्हा घसरली, आणि तेव्हा आम्ही जबलपूरच्या वाटेवर होतो म्हणून निभावलं. मधाची बाटली टोपलीत होती.

तेव्हापासून मला एक यादी तोंडपाठ आहे. दातांचा किंवा लघवीचा संसर्ग बरा झाला, स्टेरॉइडचा असर ओसरला, खाण्यातलं पीठ कमी झालं, वजन उतरलं, मूत्रपिंडं आणखी मंदावली, की इन्सुलिनची गरज घटू शकते. मंदावलेल्या मूत्रपिंडांमुळे इन्सुलिन शरीरातून हळू बाहेर पडतं, म्हणून तीही या यादीत येतात. उलट, गरज वाढवणाऱ्या बाजूला नवा जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, वाढलेलं थायरॉइड, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची गाठ. ही शेवटची गोष्ट दुर्मीळ वाटते, पण ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेही मांजरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात तिची शक्यता दिसली होती. डोस वाढवत नेऊनही साखर हलत नसेल आणि मांजर वाळण्याऐवजी थोराड होत असेल, तर डॉक्टरांपाशी हा विषय काढा.

मूत्रपिंडांनी आणखी एक आधार काढून घेतला. मधुमेह आटोक्यात आला की मांजराची तहान कमी होते, आणि घरच्यांना तेवढ्यावरून अंदाज येतो. मूत्रपिंडं थकली असतील तर साखर उत्तम असूनही मांजर पाणी पीतच राहतं. ‘अजून तहान आहे म्हणजे साखर वाढलेली’ असं समजून डोस वाढवला तर पुन्हा तीच घसरण. म्हणून वजन आणि कानातून घेतलेला आकडा, दोन्ही पाहायचे. वजनासाठी मी भुऱ्याला पिशवीत घालून ओळखीच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेते. माणसाच्या काट्यावर शे-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही, आणि चार किलोच्या जनावरात तोच महत्त्वाचा असतो. माणसांसाठीचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो. रोज तोच वापरा म्हणजे तुलना बरोबर राहते.

खाण्याचा पेच याहून अवघड. मधुमेहाला मांस-प्रथिनं भरपूर आणि पीठ अगदी कमी असलेलं खाणं हवं. मूत्रपिंडांना फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजकी हवीत, आणि त्यासाठीच्या तयार खाण्यात पिठाचं प्रमाण बहुधा जास्त असतं. दोन्ही एकदम साधत नाही. आमच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडांच्या अवस्थेकडे पाहून कमी पिठाच्या ओल्या खाण्याकडे कौल दिला. तुमच्याकडे उलट ठरू शकतं. पण कुठल्याही बाजूचं खाणं बदलताना इन्सुलिन तेच ठेवून बदलू नका, आणि मांजराने नवं खाणं नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणत वाट पाहू नका. दोन दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते. मधुमेही मांजराच्या रक्तात त्यासोबत आम्लं वाढतात. आमचं घर शाकाहारी आहे. तरीही मी ठामपणे सांगते, मांजराला दूध-पोळीवर ठेवू नये. टॉरिन मुख्यतः मांसातून मिळतं, आणि ते नसेल तर मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही जातात. घरात शिजवायचं नसेल तर तयार पाकिटं आणा.

मागच्या पायांबद्दलही सांगायला हवं. बराच काळ साखर चढी राहिली की मांजर घोटे टेकवून, सशासारखं बसकं चालायला लागतं. मज्जातंतूंना झालेली ही इजा साखर आटोक्यात आल्यावर कित्येकदा भरून येते. पण मूत्रपिंडांच्या आजारात पोटॅशियम घटलं तरी पाय लुळे पडतात, म्हातारपणी सांधे दुखतातच, आणि पाय एकाएकी थंडगार पडून मांजर वेदनेने ओरडत असेल तर रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते.

सांधेदुखी दिसली म्हणून घरातली गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलचा छोटा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. सुजेवरची इतर औषधं थकलेल्या मूत्रपिंडांना आणखी दमवतात. हल्ली मधुमेहाच्या गोळीबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची औषधं मांजरांसाठी मंजूर झाली. मात्र ती एरवी निरोगी असलेल्या मधुमेही मांजरांसाठी आहेत. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड बिघडलेल्यांना आणि आधी इन्सुलिन घेतलेल्यांना ती देत नाहीत. त्यांच्यामुळे साखर जवळपास ठीक दिसत असतानाच रक्तात जीवघेणी आम्लं वाढू शकतात. घरातल्या माणसाच्या त्याच घराण्यातल्या गोळीचा तुकडा मांजराला देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

पाटनच्या उन्हाळ्यात वीज गेली की इन्सुलिनची चिंता लागते. फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वीज बराच वेळ जाणार असेल तर बाटली डब्यात घालून तो डबा पाण्याने भिजवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवते. खेड्यापाड्यांत मधुमेही माणसंही हेच करतात. बाटली बदलल्यावर साखर अचानक नीट वागायला लागली, तर जुनी बाटली बिघडली होती असं समजावं आणि नव्या बाटलीचा पहिला आठवडा जास्त वेळा मोजावं.

घरात एकाहून जास्त माणसांना हे सगळं यायला हवं. आमच्या जाऊबाई सुरुवातीला सुईकडे बघायलाही तयार नव्हत्या, आता त्या माझ्यापेक्षा हळुवार टोचतात. फ्रीजवर एक वही टांगलेली आहे. वेळ, काय खाल्लं, किती युनिट, कोणी दिलं, लघवी कशी. डोस दिल्याबरोबर सही करायची, नाहीतर दोघींनी मिळून दोनदा टोचण्याचा धोका असतो.

भुऱ्याचा डोस आता पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी आहे. काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, विशेषतः स्टेरॉइडमुळे मधुमेह झालेला असला आणि उपचार लवकर झाले तर. त्याचं सुटलं नाही, आणि मूत्रपिंडांकडे पाहता डॉक्टरांनी त्यासाठी हट्टही धरलेला नाही. दिवसाचा बराचसा वेळ साखर दीडशे ते तीनशेच्या दरम्यान राहिली, तो जेवला, वजन टिकलं, तर डोसला हात लावायचा नाही असं आमचं ठरलं आहे. पुढच्या महिन्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी आहे. ते आकडे आले की खाण्याचा विचार पुन्हा करायचा, आणि खाणं बदललं तर त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ कान टोचून डोस नव्याने बसवायचा.