पणजीच्या बारमध्ये बसण्याआधी : मावशीचे कानमंत्र

बाळ, मैत्रिणींबरोबर तीन दिवस पणजीला निघालीस आणि चांगले कॉकटेल बार कुठले हे मलाच विचारलंस, याचं फार बरं वाटलं. नावं सांगतेच. पण बार कुठला, याच्याइतकंच तिथे कसं बसायचं हेही महत्त्वाचं. तेव्हा पुढचं नीट वाच आणि मैत्रिणींनाही वाचून दाखव.

१. मुक्काम फोंतेन्यास या पणजीच्या जुन्या वस्तीत किंवा तिच्या आसपास धर – संध्याकाळी सगळीकडे पायी जाता येतं आणि रात्री परतीच्या गाडीचा घोर राहत नाही.

२. एका संध्याकाळी दोनच बार, तिसरा उद्यावर – मोजत फिरलं की एकाही ठिकाणची चव ध्यानात राहत नाही.

३. निघण्याआधी पोटात काहीतरी घाल. गाड्यावरचं रोस ऑम्लेट आणि पाव मिळाला तर उत्तमच – रिकाम्या पोटी पेला, शहाणाही गेला.

४. पहिली संध्याकाळ जोसेफ बारसाठी ठेव, आणि दिवेलागणीलाच पोच – जागा इवलीशी आहे, आत मूठभर माणसं मावतात, उशीर केलास तर दारातूनच परत यावं लागेल.

५. तिथे तांबडी रोझा माग, त्यात फेणी आणि कोकम असतं – कोकमाचा आंबटपणा फेणीचा उग्रपणा सांभाळून घेतो, म्हणून नवख्या माणसाची फेणीशी ओळख इथूनच व्हावी.

६. मार्च ते मे दरम्यान गेलीस तर काजूच्या बोंडांपासून गाळलेला हुर्राक चुकवू नकोस, आणि इतर महिन्यांत त्याचा हट्ट धरू नकोस – काजूच्या बोंडांचा हंगाम तेवढाच असतो आणि हुर्राक फेणीसारखा साठवून टिकत नाही.

७. हुर्राकात लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घे. मिरची चावू नकोस, पेल्यात तशीच राहू दे – तिचा तिखटपणा घोटागणिक हळूहळू उतरतो आणि शेवटचा घोट पहिल्यापेक्षा चवदार लागतो.

८. हुर्राक सरबतासारखा घशाखाली उतरतो, म्हणूनच तो मोजून घे – एकदाच गाळलेला असल्याने फेणीहून हलका खरा, पण गोड घोटाला शिंगं उशिरा फुटतात.

९. नुसती फेणी घ्यायची झाली तर आधी दोन थेंब तळहातावर चोळून हुंग – पिकून गळलेल्या बोंडांचा वास दरवळायला हवा. नुसतंच नाकाला झोंबलं तर दुसरं काहीतरी माग.

१०. मागताना छोटा पेग, म्हणजे ३० मिलिलिटर असं स्पष्ट सांग – फेणीत ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, आणि मोठा पेग सरळ दुप्पट, ६० मिलिलिटरचा येतो.

११. फेणीला स्वस्तातली दारू म्हणून कुणी नाक मुरडलं तर तू त्यात सामील होऊ नकोस – बोंडं झाडावरून ओरबाडत नाहीत, खाली पडलेली वेचतात, तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर चढवतात. या कष्टांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन आणि २०१६ मध्ये गोवा सरकारकडून वारसा पेयाचा मान मिळाला आहे.

१२. दुसऱ्या संध्याकाळी फोंतेन्यासमधल्याच मिगेल्समध्ये जा, टेबल आधी सांगून ठेव आणि जरा नीटनेटके कपडे घाल – आर्ट डेको थाटाची जागा आहे, तिथे कॉकटेल सावकाश प्यायचं आणि सोबत थोडं थोडं खात राहायचं.

१३. तिसऱ्या दिवशी फॉर द रेकॉर्ड हा तबकड्यांचा बार बघ, आणि तिथे आवाज खाली ठेव – लोक तिथे गाणं ऐकायला आलेले असतात. आपल्या गप्पा जेवताना होतील.

१४. बारटेंडरला ‘सगळ्यात कडक काय आहे?’ असं विचारू नकोस. ‘आंबट आवडतं, गोड कमी, फेणी चालेल’ असं सांग – चव सांगितली की तो मन लावून तुझ्यासाठी बनवतो, कडक मागितलं की नुसतं ओततो.

१५. प्रत्येक पेल्यामागे एक ग्लास पाणी, अगदी न चुकता – रात्री पाणी, सकाळी गाणी.

१६. पेला टेबलावर सोडून उठू नकोस, मैत्रिणीच्या हाती दे. ‘आता निघूया’ यासाठी एक खूणही आधीच ठरवून ठेवा – खूण केली की कारण न विचारता सगळ्यांनी उठायचं.

१७. दुपारी बार शोधत उन्हात भटकू नकोस, तूही पड जरा – पणजीची बरीच दुकानं दुपारी मिटलेली असतात आणि विश्रांती झाली की संध्याकाळ रंगते.

१८. फोंतेन्यासच्या गल्लीतून परतताना हळू बोल, आणि कुणाच्या खिडकीशी उभं राहून फोटो काढण्याआधी विचार – तिथल्या रंगीत घरांमागे म्हातारी माणसं, अभ्यासाला बसलेली मुलं असतात.

१९. स्कूटर भाड्याने घेतलीच तर ती चालवणारीने त्या दिवशी थेंबही घेऊ नये – १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जिच्या खिशात चावी, तिने सोलकढीच प्यावी.

२०. तारखा ठरवताना २ ऑक्टोबर आणि मतदानाचे दिवस टाळ – बार बंद असतात, उगाच हिरमोड होतो.

२१. बाटली घरी आणायचा मोह झाला तर परवान्याचं आधी बघ – गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.

२२. पैसे सगळ्यांचे एकीकडे जमा करून एकीनेच बिल द्यावं, आणि निघताना ‘देव बरें करूं’ म्हणावं – हिशोब चोख राहिला की मैत्री टिकते, आभार मानले की पुढच्या खेपेला ओळख निघते.

२३. एखादीला प्यायचं नसेल तर तिला कुणी आग्रह करायचा नाही. कोकम सोडा मागवून तीही मानाने बसली पाहिजे – सोबत बसायला पेला लागत नाही.

पणजीचे बार एका खेपेत संपत नाहीत, आणि ते संपवायचेही नसतात. दोन जागा मनापासून आवडल्या, सगळ्या जणी हसत खोलीवर परतल्या, की सहल साधली. रोज रात्री परतलात की मला एक मेसेज टाकायला मात्र विसरू नकोस.