सिलिकॉन भरताना निर्मळ राहण्याविषयी : कर्जत-खालापूरकडून परदेशी येणाऱ्या नवागतांसाठी

सह्याद्रीच्या पायथ्याशी अडलेले ढग आषाढ-श्रावणात उल्हास आणि पाताळगंगा या दोन्ही नद्यांना दुथडी भरून वाहायला लावतात, त्या कर्जत-खालापूरच्या मुलखात वाढलेल्या माणसाला गळक्या घराचा बंदोबस्त शिकवावा लागत नाही. मृगापूर्वी कौलांची शाकारणी करणे, पत्र्याच्या खिळ्यांवर डांबर फासणे, झडीच्या बाजूस ताडपत्री बांधणे आणि भिंतीची चीर सिमेंटच्या मालाने बुजवणे हा तिकडचा शिरस्ताच आहे. परंतु तोच माणूस परदेशी भाड्याच्या घरात राहू लागला की पाणी छपरातून नव्हे, तर न्हाणीघरातल्या टबाच्या कडेने झिरपते, आणि उपाय म्हणून हाती येते ते सिलिकॉन, ज्याची वागणूक सिमेंटच्या अगदी उलट आहे. सिमेंटने माखलेले हात बादलीत बुचकळले की काम भागते; सिलिकॉन मात्र पाण्यात विरघळत नाही, आणि ओल्या फडक्याने पुसू गेल्यास पातळ थर होऊन बोटांवरून मनगटावर, मनगटावरून नळाच्या चावीवर आणि तेथून दाराच्या मुठीवर पसरत जाते. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका येथे स्थायिक झालेल्या आपल्याकडील कुटुंबांच्या सांगण्याचा गाभा म्हणूनच एवढा आहे : आधी कोरडे पुसावे, पाणी शेवटी.

भाड्याच्या घरात असे काम हाती घेण्यापूर्वी घरमालकास लेखी कळवावे आणि त्याची संमती दप्तरी ठेवावी. इंग्लंडमध्ये बहुतेक खासगी भाडेकरारांची अनामत रक्कम २००७ सालापासून सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते, व कपातीविषयी तक्रार झाल्यास त्या योजनेकडे विनामूल्य दाद मागता येते. तेथे कामाआधीचे आणि नंतरचे तारीखवार फोटो फार उपयोगी पडतात.

स्वच्छतेचा मोठा भाग काम सुरू होण्याआधीच उरकायचा असतो, आणि घाईच्या माणसाला नेमके हेच पटत नाही. जुने सिलिकॉन पात्याने पूर्णपणे खरवडून काढावे, कारण त्याच्या अवशेषांवर नवे सिलिकॉन धरत नाही; मग सांधा स्पिरिटने पुसून, शक्य तर रात्रभर, कोरडा होऊ द्यावा. टब अ‍ॅक्रिलिकचा असल्यास तो आधी पाण्याने भरावा व सिलिकॉन आळेपर्यंत तसाच ठेवावा, म्हणजे पुढे वजनाने टब खचला तरी सांधा फाटत नाही. सांध्याच्या दोन्ही अंगांना कागदी मास्किंग टेप सरळ रेषेत लावावी, खाली रद्दी अंथरावी, आणि हाताशी तीन गोष्टी मांडून ठेवाव्यात : फाडून सुटे केलेले कागदी रुमाल, वापरून फेकायच्या हातमोज्यांचे जादा जोड, आणि तोंड उघडे ठेवलेली एक कचऱ्याची पिशवी. ही पिशवी शोधायला माणूस माखल्या हातांनी उठला की सारी तजवीज फुकट जाते.

नळीचे टोक तिरके कापावे आणि भोक सांध्यापेक्षा मोठे होऊ देऊ नये. बहुतेक घाण जरुरीहून जास्त माल बाहेर आल्यानेच होते. एका दमात, सारख्या दाबाने रेघ ओढावी आणि हात थांबताच, नळी जिच्यात बसवलेली असते त्या गनच्या मागची कळ अंगठ्याने दाबून माल ढकलणारी सळई सैल करावी. न केल्यास गन खाली ठेवल्यावरही टोकातून माल येतच राहतो आणि फरशीवर त्याचा गोळा साठतो. साबणाच्या पाण्यात किंचित भिजवलेले बोट रेघेवरून फिरवावे, पण हे पाणी अजून न भरलेल्या सांध्यात जाऊ देऊ नये, नाहीतर पुढचे सिलिकॉन तेथे चिकटणार नाही. दर फेरीनंतर बोट कोऱ्या कागदाला पुसावे. मग वर साय धरण्यापूर्वीच टेप तिरकी, सावकाश, सांध्यापासून दूर ओढत काढावी आणि हातातून न सोडता थेट पिशवीत टाकावी. साय धरल्यावर टेप ओढली तर तिच्यासोबत रेघेची कडही उचकटते, आणि ती दुरुस्त करण्याच्या खटपटीतच भिंती माखतात.

इतके करूनही हाताला लागलेच, तर कोरडा कागद. त्याने न निघाल्यास बाजाराची पातळ प्लास्टिकची पिशवी, जिच्यावर ओले सिलिकॉन कातडीपेक्षा अधिक चिकटते, ही युक्ती अनेक घरांत नव्या माणसास प्रथम सांगितली जाते. आणि साबण-पाणी त्यानंतर. कपड्यावर थेंब पडल्यास चोळू नये, तो आळू द्यावा, मग पुष्कळदा नखाने सोलून निघतो. डोळ्यांना हात लावू नये, आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर खिडकी उघडावी, मग बाहेर थंडी कितीही असो.

सुटीत कर्जतला परतलेल्यांस तेथील घराच्या खिडक्या याच हाताने भराव्याशा वाटतात, आणि ते योग्यही आहे, मात्र हे काम वैशाखातच उरकावे. सिलिकॉन हवेतील बाष्प घेऊन आळते. परदेशी हिवाळ्यात, तापवलेल्या घराच्या कोरड्या हवेत, टेप काढायला जितकी सवड मिळते तितकी जुलैच्या दमट हवेत मिळत नाही, शिवाय ओल धरलेल्या भिंतीला ते नीट चिकटतही नाही. सिमेंटच्या वा चुन्याच्या गिलाव्यास आंबूस वासाचा प्रकार चालत नाही, कारण त्यातले आम्ल चुन्यावर क्रिया करते. दुकानात न्यूट्रल प्रकार मागून घ्यावा. नळीवरची मुदत अवश्य पाहावी. मुदत उलटलेले सिलिकॉन कधी कधी आळतच नाही, नुसते चिकट राहते, आणि ते सांध्यातून उपसून काढण्याइतके घाणेरडे काम या साऱ्या खटाटोपात दुसरे नाही. सबब शंका येताच कागदाच्या तुकड्यावर एक रेघ ओढून रात्रभर ठेवावी, आणि सकाळी ती बोटाला लागली तर नळी टाकून द्यावी.