तण आपल्या पायानं येत नाही

पोरा, शेताकडं बघायला लागलास, बरं झालं. पण औषधाच्या दुकानात जायच्या आधी जरा बांधावर खाली बस. उभ्या माणसाला सगळी तणं सारखीच हिरवी दिसतात.

लव्हाळा कुठला नि हराळी कुठली, हे तुला अजून कळत नाही. परवा बघितलं मी. काडी चिमटीत धरून फिरव. तीन कडा बोटाला लागल्या तर लव्हाळा. हराळीच्या काशा नांगरून उन्हाळ्यात तापू दिल्या, वेचून काढल्या, की बरीचशी आटोक्यात येते. लव्हाळा मात्र बेरकी. उपटलास की पात हातात येते, गाठ जमिनीतच राहते. तारेसारख्या बारीक मुळानं गाठीला गाठ जोडलेली असते. माळ अख्खी असेतोवर बऱ्याच गाठी झोपून असतात, तुटली की त्या जाग्या होतात. चारीकडच्या पट्टीत मी एकदा घाईनं रोटर मारला. घोंगडीएवढा लव्हाळा पुढच्या हंगामात पट्टीभर झाला. तो काही कुणी आणला नव्हता, मीच पेरला. भाड्याचा रोटर आला तर पात्यांना चिकटलेली माती बांधाबाहेरच खरवडून घे. चालक कुरकुर करील, करू दे.

गाजरगवत फुलल्यावर कुणीही ओळखतं, त्यात काय मोठं! ते लहान असतानाच ओळखायला शीक. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली आणि जमिनीला चिकटून गोल पसरलेली. मग मधनं दांडा निघतो आणि कणीएवढी पांढरी फुलं येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, आणि एका झाडाला दहा-पंधरा हजार बी सहज. अमेरिकेच्या गव्हातनं आलं म्हणतात. 1955 च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं. पाऊस पडून माती ओली असताना, फुलायच्या आत, मुळासकट काढ. हातात मोजे घाल, अंगाला फार खाजतं. आणि फुललेलं उकिरड्यात टाकू नको. विकतचं शेणखत घेतानाही त्या उकिरड्याच्या कडेला काय उगवलंय ते आधी बघून ये.

पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांवर पांढुरका, तपकिरी नागमोडी रेघांचा भुंगा दिसला तर तिथं फवारू नको. मेक्सिकोचा आहे तो, 1984 पासून आपल्या देशात मुद्दाम सोडलेला. पाला खाऊन झाडाची जाळी करतो. फुकटचा गडी आहे.

चिलारीचं, म्हणजे वेड्या बाभळीचं, वेगळंच. देशी बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणी आवळलेली आणि फूल गोल पिवळं. चिलारीची शेंग लांबट, पिवळी, चवीला गोड, आणि फूल तुऱ्यासारखं. शेंग गोड, म्हणून मेंढरं आवडीनं खातात. बी मात्र पोटातनं शाबूत बाहेर पडतं, उलट लवकर उगवतं. म्हणून काय मेंढरं बसवायची बंद करायची? लेंडीखतासारखं खत नाही. पण मेंढका कुठल्या माळावरनं आला ते विचार, आणि पहिल्या पावसानंतर रोपं बोटभर असतानाच खुरप्यानं काढ. मोठी झाल्यावर नुसती तोडलीस तर बुडापासनं चार फुटवे येतील, काटा ट्रॅक्टरच्या टायरात जाईल तो वेगळाच.

खाली इंदापूरकडं उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णी पसरते, तीही पुण्याच्या नद्यांतनं भीमेला वाहत आलेली. आपल्या पणदरे गावालाही कालव्याचंच पाणी येतं. पाण्याबरोबर काय काय येतं ते मोजायला कोण बसलंय?

तेवढ्यासाठी चारीच्या तोंडाला मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावायचो. येत्या आवर्तनाला तू लाव. पहिल्या दिवशी जाळीला काडीकचरा, बी, जे अडकेल ते झटकून फेकू नकोस. पाटीत घालून माझ्याकडं आण. चष्मा लावून बसतो मी ओसरीवर.